हरिहरेश्वरची अर्धी प्रदक्षिणा

इंदूरहून बाबा आणि आत्यासोबत कोकणात निघताना मी भरती-ओहोटीच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या होत्या. मी भूगर्भशास्त्र शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. "पत्थर शिकून काय होणार?" असं बाबा नेहमी विचारतात. या प्रवासात त्यांना एकदा तरी माझं म्हणणं पटावं, एवढीच माझी इच्छा होती.

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या दोन कड्यांच्या फटीतून उतरतात आणि एकदम समुद्र समोर येतो. लाटांनी काळे खडक असे कोरलेत, की मिठाईतले जाळीदार घेवरच वाटावेत.

"ही भोकं खाऱ्या पाण्यामुळे..." मी चाचरत सुरुवात केली.

"खारं? मग वरून शेव टाकली की झालं!" आत्या म्हणाली. बाबा खो खो हसले.

या खडकांवरून देवाची प्रदक्षिणा करतात, पण फक्त ओहोटीत. आमची ओहोटी नाश्त्यातच संपत आली होती, कारण इथल्या पोह्यांत सौंफ (बडीशेप) का नाही, यावर आत्याने हॉटेलवाल्याची शिकवणी घेतली होती.

"बाबा, भरती लागलीय. परत फिरू या."

"अरे बेटा, ओंकारेश्वरची परिक्रमा केलेली माणसं आपण! प्रदक्षिणा अधुरी सोडतात का?"

पुढच्या घळीत फेसाळ पाणी शिरलं, ओसरलं, पुन्हा आणखी आत आलं. बाबा पँट दुमडू लागले. समजावायला वेळ नव्हता. मी हात जोडले.

"बाबा, हे सोमसूत्र आहे (पिंडीवरचं पाणी वाहून जायची वाट). शंकराच्या प्रदक्षिणेत ते ओलांडत नाहीत. इथूनच परत फिरायचं असतं."

बाबांनी लगेच नमस्कार केला आणि ते वळले.

"चला, कॉलेजात काहीतरी कामाचं शिकवतात!" आत्या म्हणाली.

आम्ही पायऱ्यांवर पोचलो तोच मागे लाट आदळली. आम्ही उभे होतो तो खडक दिसेनासा झाला. तिकडे बघत बाबांनी दुमडलेली पँट खाली सोडली.

वर शहाळी विकणाऱ्या काकूंनी विचारलं, "झाली प्रदक्षिणा?"

"अर्धी," आत्या ऐटीत म्हणाली. "सोमसूत्र ओलांडत नाहीत ना!"

"अगो बाय! इथे तर सगळे पूर्णच करतात!"

आत्या सावकाश माझ्याकडे वळली. मी शहाळ्यात तोंड घातलं.

"आमच्या इंदूरला अर्धीच करतात, ताई," बाबा शांतपणे म्हणाले. "अजून एक द्या, मलईवालं."

परतीच्या गाडीत त्यांनी मला हळूच विचारलं, "पाणी चढतंय, हे तुला कशावरून कळलं?"

मी खडकावरच्या ओल्या पट्ट्यापासून सुरुवात केली आणि चंद्रापर्यंत गेले. खरं समजावायला त्या खोट्यापेक्षा फारच वेळ लागला. इंदूरच्या अलीकडचं रतलाम आलं, तरी बाबा ऐकत होते.