चौथं शील

माझे वडील, अण्णा, अंधश्रद्धेविरुद्ध छापून आणायचे ती पत्रकं वाचत मी वाढले. चमत्कार सांगणाऱ्याकडे पुरावा मागायचा, हे मी बाराखडीबरोबरच शिकले. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण घडलं ते असं.

इस्रायलमध्ये एका वृद्ध बाईंच्या घरी राहून त्यांना सांभाळायचं काम मला मिळालं होतं. रुग्णसेवेचं शिक्षण झालेलं, व्हिसा आलेला. घरी, लेण्यांच्या पायथ्याच्या भाजे गावात, आई अर्धांगवायूने अंथरुणावर होती आणि तिची वाचा गेली होती. दादावहिनी तिचं सगळं करायला तयार होते. प्रश्न एकच होता, तिला सांगायचं कसं? दादाचं म्हणणं, तिला धक्का सोसायचा नाही, तेव्हा लोणावळ्याच्या बंगल्यात काम लागलंय आणि सुट्टीला येत जाईन असं सांग. ग्रामसभेत उभं राहून भल्याभल्यांना खोटं पाडणारी मी, आईला तेच सांगून मोकळी झाले. ती नुसती बघत राहिली. त्या नजरेपुढे माझी बॅग काही भरून होईना.

आमच्या विहारात काय, घरात काय, वंदना कायम आईच सांगायची. ती पुढे म्हणणार, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तिची वाचा गेल्यापासून घरात वंदनाच थांबली होती. तिची जागा घेणं कुणालाच बरं वाटत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे मी तिला रोज चित्रं दाखवायचे, पाणी म्हण, चहा म्हण. ती तोंड फिरवायची.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, एक म्हातारी आमच्या उंबऱ्यावर टेकली. लेणी बघायला आलेल्या मंडळींपैकी होती. तिची माणसं अजून वरच होती. मी पाणी दिलं. गुडघा चोळत म्हणाली, "पायऱ्या काय संपंनात बाई. म्हटलं, बुद्धाला हितनंच हात जोडावं." मग आत डोकावून, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती का नाही म्हणून तिने मला चार शब्द सुनावले. स्वतःच लावली, आईच्या खाटेशी बसली आणि त्रिशरण म्हणू लागली. आईचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडू येत असेल.

पंचशील सुरू झालं. तिसरं शील झालं आणि म्हातारी सरळ पाचव्यावर गेली.

"मुसावादा," आई म्हणाली.

जड, पण स्पष्ट. वहिनी चुलीपासून उठून आली. म्हातारी मात्र हसली. "व्हय गं बाई, ऱ्हायलंच. तूच सांग आता, मी मागनं म्हणते." आणि आईने ते शील पुरं केलं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं शील.

पुढे डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं कधी कधी असं परत येतं. असेल. पण चारच शीलं म्हणणारी ती बाई त्याच संध्याकाळी आमच्या दारात का टेकली, ते मी कुणाला विचारू? खाली उतरलेली माणसं तिला मळवली स्टेशनच्या गाडीसाठी घेऊन गेली. नावही विचारायचं राहिलं.

ती गेल्यावर मी आईचा हात धरून म्हटलं, "आई, लोणावळ्याला न्हाई. लांब जातेय. विमानानं. लय दिवस यायला जमायचं न्हाई."

"म्हाईत," ती म्हणाली. वाचा गेलेल्या माणसाचे कानही मंद होतात, असं धरून आम्ही तिच्या उशाशीच हळू आवाजात सगळं ठरवत होतो. खूप वेळाने तिने दुसरा शब्द जुळवला. "जा."

शरण हा शब्द मला कधी आवडला नव्हता, त्यात मला लाचारी दिसायची. त्या संध्याकाळी मी फक्त एक खोटं हातातून सोडलं आणि तेवढ्यानेच जमीन पायाखाली आली. त्या अनोळखी बाईची मी ऋणी आहे.

आता इथल्या आजींना जेवू घालून झालं की मी घरी फोन लावते. वहिनी तो आईच्या तोंडाशी धरते. इतर बोलणं तिला अजून फारसं जमत नाही, पण वंदना तीच सांगते, मी मागून म्हणते. चौथं शील मात्र ती सांगत नाही. तिथे ती थांबते, माझ्याकडून ऐकते, आणि मगच पुढे जाते.