चाचांचा कान

लांब दांडीच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले आणि डावा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर. शेडमध्ये कोणी काही बोलत असेल तर त्याने तिथंच थांबायचं. "बोलू दे तिला," चाचा म्हणायचे.

ती म्हणजे स्नोमोबिल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: बर्फावर चालणारी दांडगी स्कूटर. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाचं डोकं उठावं. शेजारचं माणूस म्हणजे मी.

मी मूळची नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. ऑफिस कॅनडातल्या किचनर शहरात, पण नवऱ्याला उत्तरेकडच्या एका खाणीवर नोकरी लागली आणि माझं काम घरून होत होतं, म्हणून आम्ही तळ्याकाठच्या या गावात येऊन राहिलो. नवरा चौदा दिवस खाणीवर, चौदा दिवस घरी. म्हणजे अर्धा हिवाळा मी, लॅपटॉप आणि खिडकीबाहेर पांढरंफटक. फोनवर मैत्रिणी म्हणायच्या, किती गं छान शांतता! त्यांना म्हणावं, चौदा दिवस राहून दाखवा. मी ग्रोसरीच्या दुकानात सेल्फ-चेकआउटच्या मशीनला थँक यू म्हणायला लागले होते.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी माझी मीटिंग चालू आणि पलीकडच्या शेडमधून घर्रर्र. तिसऱ्यांदा "सॉरी, कॅन यू रिपीट?" म्हणावं लागलं तेव्हा माझा पारा चढला. मीटिंग संपताच बूट घातले, जॅकेटची चेन ओढत तरातरा गेले आणि शेडचं दार ढकललं. इंजिन नुकतंच बंद झालं होतं. कानटोपी घातलेला, सत्तरीपुढचा एक बुटका माणूस मशीनचा मागचा भाग घोडीवर उचलून हाताने पट्टा फिरवत होता, कानाला तो स्क्रू-ड्रायव्हर. त्याने मला हात दाखवला. मला! मी मराठीतच पुटपुटले, "काय कटकट आहे बाप्पा!"

डोळे न उघडता तो म्हणाला, "कटकट न्हाई. किरकिर हाय. कटकट येगळी."

मी भांडायला आले होते हे विसरूनच गेले. त्या गावात मराठी शब्द कानावर पडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाच मिनिटांनी मी शेडमधल्या स्टोव्हपाशी उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते आणि चाचा विचारत होते, "नागपूरची व्हय? मग चहात साखर का संत्रं?"

ते मिरजेचे. गावातल्या कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले, मिल बंद पडली, हे राहिले. मिलमधल्या एका पंजाबी माणसाने 'चाचा' म्हणायला सुरुवात केली आणि गावाला वाटलं तेच नाव. पोस्टाने येणाऱ्या बिलावरसुद्धा 'मिस्टर चाचा' असायचं.

त्यांच्याकडे नव्या गाड्या येत नसत. नवीवाले शहरातल्या शोरूमला जातात. चाचांकडे यायच्या त्या म्हाताऱ्या गाड्या, तीस-चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या. इथं हा आकडा सांगितला की लोक टोपी काढतात. त्यांचे मालकही तसेच, बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे, रानात सापळे लावणारे. गाडी बिघडली तर यांना चालत यायचं, तेही उणे तीसमध्ये. म्हणून चाचा प्रत्येक गाडी पहिल्यापासून तपासत. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्या नखाने खरवडून बघत. बर्फ कमी पडला की त्या लवकर झिजतात, बर्फ हेच त्यांचं वंगण. स्कीच्या खालची पोलादी धार अंगठ्याने चाचपत. आणि बेअरिंगं मात्र कानाने.

बेअरिंगांचे आवाज त्यांनी मला शिकवले. "किरकिर म्हंजे तहान लागलीय. ग्रीस दे, गप बसंल. कटकट म्हंजे कायतरी ढिलं झालंय. आन् खरखर आली की आतल्या गोळ्या खाल्ल्या गेल्या, बदलायचं, इचार करायचा न्हाई."

"आणि घरघर?" मी विचारलं.

"घरघर लागल्यावर काय करत्यात? तोंडात पाणी घालत्यात!" आणि स्वतःच खो-खो हसले.

हा कान कुठून आला? त्यांचे वडील मिरजेत तंबोरे करायचे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार घासून घासून खाचा पडतात, जवारी म्हणजे तारेचा घुमारा बिघडतो, मग ती घोडी पुन्हा घासून सूर मोकळा करायचा. चाचा लहानपणी शेजारी बसून ऐकायचे. "अब्बा म्हनायचे, हात नंतर, आधी कान. ते तार ऐकायचे, मी पट्टा ऐकतो. झीज तीच की."

त्यांची एक रीत होती. काढलेला जुना भाग ते कधी फेकत नसत. जाड कागदाच्या पिशवीत घालून, सुतळी बांधून मालकाला परत. सुतळीला चिठ्ठी, एका बाजूला मालकाचं नाव, दुसऱ्या बाजूला आवाजाचं नाव, तेही मराठीत. लेनर्ड नावाचा एक म्हातारा मासेमार होता, त्याच्या घरी असल्या पिशव्यांचं शेल्फच होतं. त्याला चाचा दर वेळी त्याच सुरात सांगत, "टेक इट होम, लेनर्ड. फॉर यू ओन्ली इट वोअर आउट." तुझ्यासाठीच झिजलाय बाबा, घरी ने. आणि लेनर्ड खरंच दोन हातांनी घेऊन जायचा.

बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मुलगी टोरोंटोला, बँकेत. दर रविवारी तिचा फोन, अब्बा, इनफ नाऊ, इकडे या, कॉन्डोत खोली रिकामी आहे. फोन ठेवला की चाचा माझ्याकडे बघून म्हणत, "बत्तिसावा मजला. तिथं काय ऐकू, लिफ्ट? शेड बंद झाली की मी टोरोंटोला गेलोच म्हनून समज." हसून म्हणायचे, पण तेवढं एक वाक्य बोलताना हातातला पाना खाली ठेवायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात स्टोव्हवरची किटली शिट्टी मारत होती आणि चाचा तिच्याकडे पाठ करून मला स्पार्क प्लग कसा पुसायचा ते सांगत राहिले. किटली कोकलतेय, यांचं चालूच. मी उठून ती उतरवली.

त्यानंतर ते मला जास्तच शिकवायला लागले. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचे. "सांग बघू, किरकिर का खरखर?" मी सांगायचे. "शाब्बास!" मला वाटायचं, बघा, नागपूरकरणीला कान आला. पण मी पडले टेस्टर, शंका काढल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा गुळगुळीत फिरणाऱ्या बेअरिंगला मुद्दाम म्हटलं, "कटकट आहे."

"शाब्बास, बरोबर," चाचा म्हणाले आणि ढिला नसलेला नट आवळायला पाना शोधू लागले.

मी म्हटलं, "थांबा चाचा, चुकले. काहीच नाही यात." ते पाना शोधायचे थांबले. मग चहा ओतला. कानातलं मशीन होतं त्यांच्याकडे, ड्रॉवरमध्ये पडलेलं. त्यात म्हणे सगळंच मोठं होतं, वेगळं काहीच होत नाही. त्या दिवसापासून आम्ही न बोलता ठरवून टाकलं. कान माझा, बाकी चाचांचं. सुरुवातीला मी आवाज सांगितला की ते स्वतः पट्टा हाताने फिरवून, दुसरा हात बेअरिंगच्या कवचावर ठेवून खात्री करायचे. हळूहळू त्यांनी ते बंद केलं. मी सांगितलं की झालं.

आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. त्या चौदा दिवसांत कोणालातरी माझी गरज होती.

फेब्रुवारीत लेनर्डची गाडी आली, बेचाळीस हजार किलोमीटरची. त्याला दुसऱ्या दिवशी तळ्यावर जायचं होतं. चाचांनी मला फोन केला. मी गेले, पण त्या दिवशी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, दहा मिनिटांत कॉल, फोन खिशात सारखा थरथरतोय. चाचा हाताने पट्टा फिरवू लागले. पट्टा ज्यावर फिरतो त्या आडव्या दांड्याच्या बेअरिंगवर मी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दुसऱ्या हाताने फोन काढून मेसेज वाचला. चाचांनी भुवया उंचावल्या.

"किरकिर," मी म्हटलं आणि पळाले.

त्यांनी ग्रीस भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्याच्या मध्यावर ते बेअरिंग जाम झालं. लेनर्ड चार किलोमीटर चालत आला. वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

त्याची गाडी ओढून आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा माझ्या दारात आले. तीन हिवाळ्यांत पहिल्यांदा; एरवी मीच जायचे. आत या म्हटलं तरी पायरीवरच उभे. म्हणाले, "पोरी, नीट ऐकलं हुतंस न्हवं?"

आता सांगते, तुम्हीच काय ते ठरवा. खरं तोंडापर्यंत आलं होतं. पण लेनर्डची बोटं डोळ्यांसमोर आली आणि मी म्हटलं, "हो चाचा. किरकिरच होती."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि पायऱ्या उतरताना कठडा धरून उतरले.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये सगळे एकत्र नाश्ता करतात. लेनर्ड इस्पितळातून घरी आल्यावरच्या शनिवारी तिथं चाचा उभे राहिले. त्यांच्या त्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की माझा कान गेलाय, वर्षभर मी तुमच्यापासून लपवलं, लेनर्डची गाडी मी ऐकली आणि माझं चुकलं. आजपासून शेड बंद. लेनर्ड कुबड्या घेऊन उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. आणि मी? मी समोरच्या टेबलावर पॅनकेकवर सिरप ओतत मूग गिळून बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेतला मी.

एप्रिलमध्ये मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. गाडीत बसताना म्हणाले, "विंटर टायर काढायची घाई करू नको. इथला बर्फ लबाड हाय." मी हो हो म्हटलं. मग समोर ती शेड आणि तिचं लावलेलं दार. मीटिंगमध्ये आता काही आवाज यायचा नाही. मला तो आवाज हवा होता, इतका की एकदा मी हेडफोन काढून नुसतीच ऐकत बसले.

फोन करून सांगायचं रोज ठरवायचे. या रविवारी, पुढच्या रविवारी. पण फोनवर आता त्यांना मुळीच ऐकू यायचं नाही, मुलगीच बोलायची, "ही इज फाइन, खिडकीत बसलेत." तिच्यामार्फत कसं सांगणार, हे कारण मला पुरलं. ऑक्टोबरमध्ये ते गेले.

घर विकायला मुलगी आली तेव्हा माझ्याकडे चहाला थांबली. निघताना पर्समधून एक जाड कागदाची पिशवी काढली. "अब्बांनी सांगितलं होतं, ही तुमची आहे. मी गेल्यावर दे म्हणाले. आय डोन्ट नो व्हॉट इट इज, कुठल्यातरी स्नोमोबिलचा पार्ट. ज्या दिवशी ती ओढून आणली ना, त्याच दिवशी त्यांनी उघडून पाहिला होता, मला फोनवर म्हणाले होते."

त्याच दिवशी. म्हणजे माझ्या दारात आले त्याच्या आदल्या दिवशी. विचारायला आले तेव्हा त्यांना माहीत होतं.

मुलगी गेल्यावर सुतळी सोडली. आत लेनर्डच्या गाडीचं बेअरिंग. गोळ्यांना खड्डे पडलेले, कड्यावर तांबूस गंज, कित्येक आठवड्यांचा. चिठ्ठीच्या एका बाजूला माझं नाव, त्यांच्या वाकड्या अक्षरात. दुसऱ्या बाजूला, 'खरखर'.

दुसऱ्याच दिवशी लेनर्डकडे जाऊन सगळं सांगितलं. तो शेल्फवरच्या पिशव्या थोड्या सरकवून म्हणाला, "इट कॅन स्टे हियर, इफ यू वॉन्ट." मी नाही म्हटलं. नाव माझं होतं.

ते बेअरिंग आता माझ्या लॅपटॉपशेजारी असतं. अडकत अडकत फिरतं अजून. ऐकायला कान लागतच नाही, बोटालासुद्धा कळते ती खरखर. चाचांनी त्या दिवशी पट्टा फिरवताना नुसता दुसरा हात त्यावर ठेवला असता तर त्यांना लगेच कळलं असतं. पण मी सांगितलं होतं ना, म्हणून त्यांनी हात लावून पाहिला नाही.