चार बोटं बाहेर

"रिजेक्ट म्हणायचं न्हाई राव. रिवर्क म्हणायचं."

असं म्हणत नानांनी शर्टाच्या वरच्या खिशातून पिवळा टॅग काढला, की समजायचं, आता कुणाची तरी भरली. मग समोर गिअर असो, कँटीनची पोळी असो, नाहीतर आमच्या कंपनीचा सेंटर फॉरवर्ड असो.

ज्यांनी कारखान्यात नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तपासलेल्या मालाला हिरवा टॅग लागला की तो पास, लाल लागला की भंगार, आणि पिवळा म्हणजे रिवर्क, दुरुस्त करून परत आणा. नाना भोसरीच्या आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. तिन्ही रंगांचे टॅग त्यांच्या खिशात असायचे, पण लाल गठ्ठा कायम कोरा. एकदा त्यांनी कँटीनच्या पोळीला भोक पाडून पिवळा टॅग बांधला. वर लिहिलं, 'एका बाजूनं कच्ची'. आचारी महिनाभर त्यांच्याकडे बघत नव्हता. पोळी मात्र सुधारली, हे मी खाऊन सांगतोय.

मी डिस्पॅचला. तोंडाने फटकळ, हे घरचे सांगतात आणि ते खरंच आहे. कंपनीच्या हॉकी टीमचं मॅनेजरपण माझ्या गळ्यात पडलं, कारण ज्या मीटिंगमध्ये ते वाटलं त्या मीटिंगला मी गेलो नव्हतो. नाना टीमचे काहीच नव्हते. प्रेक्षक. तुम्हीही असा एखादा प्रेक्षक पाहिला असेल, ज्याच्यापुढे कोचसुद्धा दबकून बोलतो.

एके काळी आमची टीम मोठी होती. खेळाडू म्हणूनच भरती झालेली माणसं होती, कप होते, कपांसाठी काचेचं कपाट होतं. मग ती माणसं एकेक करून निवृत्त झाली, काही चाकणच्या नव्या प्लांटला गेली. टीमची पुन्हा जुळवाजुळव माझ्या वाट्याला आली तेव्हा हाताशी होते पेंट शॉपचे चौघे, एक लातूरचा कबड्डीपटू आणि एक असा गोलकीपर, जो बॉल आला की डोळे मिटून घ्यायचा. कपाटात तोवर सेफ्टी हेल्मेट ठेवायला सुरुवात झाली होती.

खरा खेळाडू मिळाला तो नानांमुळे. मनोज म्हणून ओडिशातल्या सुंदरगडचा एक फोर्कलिफ्टवाला होता, दोन मुलांचा बाप. एकदा शॉपमध्ये बेअरिंगचा रोलर घरंगळत निघाला आणि मनोजने हातातल्या झाडूने तो जागच्या जागी थांबवला. ठक्. नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तू हॉकी खेळलाय."

"गाँव में सब खेलते हैं नाना," मनोज म्हणाला, "बकरे के लिए." त्यांच्याकडे म्हणे जिंकणाऱ्या टीमला बकरा मिळतो.

"हितं बकरा न्हाई," नाना म्हणाले, "पर ये."

नाना स्वतः आयुष्यात हॉकी खेळले नव्हते. पण नियमांचं पुस्तक त्यांनी मशीनचं ड्रॉइंग वाचावं तसं वाचलं होतं. गोलसमोर जी अर्धगोल रेष असते, जिला सगळे डी म्हणतात, ती त्यांनी स्टीलच्या टेपने मोजली. डाव्या बाजूला वीतभर कमी निघाली. इतकी वर्षं सगळे त्या रेषेवर खेळले, कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. नानांनी पांढऱ्या फक्कीची बादली घेतली आणि डी नव्याने आखली. तेव्हापासून प्रत्येक मॅचच्या सकाळी फक्की तेच मारायचे, आणि मॅच गोलच्या मागे स्टुलावर बसून बघायचे. "बॉल डीच्या आतनं मारला तरच गोल," हे आमच्या पोरांना कोचने नाही, नानांनी शिकवलं.

प्रॅक्टिस संपली की टॅगवाटप. 'डावा हात ढिला.' 'पास देताना मान खाली.' 'डोळे उघडे ठेवणे.' आता टॅग म्हणजे खेळाडूच्या पाठीवर सेफ्टी पिनने लावलेला, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण एकदा लातूरकर तो टॅग काढायला विसरला आणि तसाच लाइनवर उभा राहिला. त्याच दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. ऑडिटर थांबला, पाठ वाचली आणि वहीत गंभीरपणे लिहून घेतलं, की रिवर्कचा टॅग असलेला ऑपरेटर चालू उत्पादनात आढळला. आमच्या साहेबांना त्यावर लेखी खुलासा द्यावा लागला. 'सदर ऑपरेटर हॉकीपुरता दोषी आहे' हे वाक्य मी माझ्या हाताने टाइप केलंय.

सीझन जवळ आला की चहाच्या टपरीवर प्रत्येकाची अपेक्षा निराळी. पेंट शॉपवाले म्हणायचे, कप. कँटीनवाले म्हणायचे, निदान जेवायला वेळेवर या. नाना बोटांवर हिशेब मांडायचे.

"मागल्या साली चोवीस गोल खाल्ले. औंदा बारा खायाचे. फुडल्या साली सहा. दरसाल निम्मं."

"नाना, निम्म्याचं निम्मं करत गेलं तर शून्य कधी येतच नाही," मी म्हणालो. गणितात मी बरा होतो.

"मग खेळत ऱ्हावं लागंल की राव," नाना म्हणाले आणि कप विसळायला उठले.

त्या सालची गोष्ट मात्र वेगळी होती. सीझनच्या आधी एचआरचे साहेब मला बोलावून म्हणाले, की चाकणच्या प्लांटचा माल आता इथून जाणार, ट्रेलर उभे करायला जागा नाही, आणि एवढं मोठं मैदान हरण्यासाठी ठेवणं परवडत नाही. "एक मॅच जिंका. एकच. तर मैदान राहील. नाहीतर तिथे यार्ड." आणि यार्ड मागितलं होतं कुणी? आमच्याच डिस्पॅचने. मी टीमचा मॅनेजर आणि शत्रुपक्षाचा कारकून, दोन्ही एकाच खुर्चीत. तीन वर्षांत आम्ही एकही मॅच जिंकलो नव्हतो.

नानांना सांगितलं तेव्हा ते मैदानाच्या कडेला रोलर ओढत होते. ओढायचे थांबले. नाना भोसरी गावातले, जुन्या घरातले. आजोबांचं रान एमआयडीसीत गेलं आणि त्या बदल्यात बापाला आणि मग नानांना कंपनीत नोकरी, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कोणतं रान, ते कुणी विचारलं नव्हतं.

"त्या गोलखाली आमची इहीर व्हती, पान्याची," ते म्हणाले. "म्हनून तर बॉल तिकडंच वढतो." मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "समदं शेडखाली गेलं रं. एवढंच उघडं ऱ्हायलंय. हितं आलं की आमच्यात आल्यावानी वाटतं." एवढंच. पुन्हा रोलर ओढायला लागले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हा माणूस हॉकी बघायला बसत नव्हता. तो आपल्या शेतात बसत होता.

पाच मॅचची लीग. पहिल्या चार हरलो. पण कशा? तीन-दोन, दोन-एक, अशा. गोलकीपरचे डोळे उघडले होते. बाराच्या आत गोल खाल्ले म्हणून नाना हिरवा टॅग दाखवायचे आणि आम्ही त्यांच्यावर खेकसायचो, की नाना, जिंकायचंय आता, निम्मं नकोय!

पाचवी मॅच आमच्या मैदानावर, आणि समोर आम्हालाच पार्ट पुरवणारी एक छोटी कंपनी. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा माल नानांनी कधी ना कधी परत पाठवलेला. सुट्टीचा दिवस, सगळी कंपनी बायकापोरांसकट हजर. एचआरचे साहेबही टोपी घालून आले होते. अंपायर दोन हवेत, आला एकच. आमच्या लीगमध्ये हे चालतं.

एक-एक बरोबरी. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि मनोजला मधोमध बॉल मिळाला. दोघांना चकवून तो असा सुटला की अंपायर मागेच राहिला. आणि त्याने मारला! पुढे कुणाचीच स्टिक लागली नाही, बॉल सरळ जाळीत. मैदान उसळलं. आचाऱ्याने मला उचललं. मनोज गुडघ्यावर बसून रडत होता.

त्यांचा कॅप्टन ओरडत अंपायरकडे आला, "बाहेरून मारलाय! डीच्या बाहेरून!" आमची पोरं म्हणाली, आतून. अंपायर धापा टाकत म्हणाला, मला दिसलं नाही. जरा वेळ गोंधळ झाला. आणि मग त्यांचाच कॅप्टन गोलच्या मागे बोट दाखवून म्हणाला, "त्या बाबांना विचारा. ते सांगतील ते आम्हाला मान्य."

बघा, म्हणजे गोल झालाच होता. प्रतिस्पर्ध्यानेच आमच्या माणसाला पंच केलं होतं. मी तर मनातल्या मनात साहेबांशी हात मिळवून मोकळा झालो.

अंपायर गेला. "बाबा, आतून का बाहेरून?"

नाना स्टुलावरून उठले. रेषेपाशी आले, खाली वाकले, मुरुमात स्टिकचा ओरखडा उमटला होता तो बघितला. फक्की त्यांनीच सकाळी मारलेली. किती वेळ वाकून होते कोण जाणे, मला तो फार वाटला. उठले तेव्हा त्यांनी ना माझ्याकडे बघितलं, ना मनोजकडे.

"बाहेर हाय," ते म्हणाले. "चार बोटं."

मॅच एक-एक सुटली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण शब्दाला पक्के. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे. मनोज नानांजवळ जाऊन फक्त एवढं म्हणाला, "नाना, चार उंगली ही तो था." नाना म्हणाले, "व्हय रे बाबा. चारच." आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी चिडलो. खोटं कशाला बोलू, जाम चिडलो. पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही, समोर आले की फोन कानाला लावायचो. शेवटी टपरीवर त्यांनीच मला गाठलं आणि चहा पुढे केला. मी तडकून म्हणालो, "ओके म्हणाला असता तर काय बिघडलं असतं तुमचं? तुमचंच रान होतं ना?"

"माझंच व्हतं," नाना म्हणाले. "दुसऱ्याचं असतं तर म्हनलो असतो येकवेळ." मग आपला चहा संपवला. "ओके म्हनलो असतो आन् मैदान ऱ्हायलं असतं. मग रोज तिथं बसाय कुठल्या तोंडानं गेलो असतो, सांग."

माझा चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

पुढच्या महिन्यात नाना निवृत्त झाले आणि त्यानंतर यार्डचं काम सुरू झालं. आता तिथे ट्रेलर उभे असतात आणि मीच त्यांचे नंबर लिहून घेतो. टीम मात्र मोडली नाही. साहेबांनी मैदान घेतलं, टीमला हात लावला नाही. आम्ही पिंपरीला पालिकेच्या टर्फवर, इतर टीमांकडून वेळ उरला तर, प्रॅक्टिस करतो. मनोज कॅप्टन आहे. पेंट शॉपवाले अजूनही कपच म्हणतात.

यंदाचा सीझन सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी नानांना न्यायला गेलो. मोटारसायकल दारात लावली आणि खालूनच ओरडलो, "चला नाना, टर्फ दाखवतो. डी मोजायची आहे." नाना ओट्यावर बसले होते. गुडघे दुखतात, डोळ्याला चष्मा, बाकी ठणठणीत. चहा झाला. मनोजची चौकशी झाली. पण उठेनात.

"मी न्हाई येत," ते म्हणाले.

"का? रागावलात का?"

"राग कसला रं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "परत मलाच इचारलं तर? येकदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं सांगवायचं न्हाई."

पंधरा दिवस मी या माणसाशी बोललो नव्हतो. त्या चार बोटांचं ओझं आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त झालं होतं, हे मला वर्षभराने, तेही त्यांनी सांगितल्यावर कळावं! मी तिथल्या तिथे खाली वाकलो आणि त्यांच्या पाया पडलो. ते संकोचले, "आरं, ह्ये काय" करत पाय मागे घेऊ लागले.

निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं.

"हारला तर फोन कर. जितला तर सोता ये."

तीन मॅच झाल्या. तीन फोन झाले. प्रत्येक वेळी पलीकडून "बरं, किती खाल्ले?" असं विचारतात आणि आकडा ऐकून हुंकार देतात. चौथी मॅच येत्या रविवारी आहे. गाडीची टाकी मी आजच फुल करून ठेवली.