रेतीनं खाल्लेला पंखा

त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहिलं, पण हात आठवतात.

सातवीतच शाळा सुटल्यावर मी रत्नागिरीहून घाटंजीला आलो, संत्र्याच्या बागेत पंप चालवायला. एकदा पंप खडखडला म्हणून मी इंजिन बंद केलं. मालकाला वाटलं, मीच बिघडवला. आता घरी पाठवणार, या धास्तीनं मी माझी पिशवी भरून ठेवली.

मिस्त्री यवतमाळहून आला. पंपातला लोखंडी पंखा काढून त्यानं बाळाचं तोंड पुसावं तसा धोतरानं पुसला आणि माझा अंगठा पात्यावर ठेवला. पातं झिजून कागदासारखं झालं होतं.

"पोरानंच मोडला ना?" मालकानं विचारलं.

"रेतीनं खाल्ला जी. याले कायले बोलता? यानं बंद केला म्हणून पंप वाचला."

मग मालकाच्या देखतच त्यानं नवा पंखा माझ्या हाती दिला.

"बसव बाप्पा. उद्या तुलेच चालवाचा हाय."