मागावर मन शोधताना

गल्लीतल्या विणकर चाचांचं मागावरचं लुगडं मी बिघडवलं, तेही हात न लावता. नुसतं बोलून.

चाळीसच्या दशकाचा शेवट होता. नगरला कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेतलं होतं आणि ‘सवयीचं काम करताना मन कुठं असतं’ यावर निबंध लिहीत होतो. सरांनी तो एकदा परत केला होता. यात पुस्तकं पुष्कळ आहेत, मन कुणाचंच नाही, असा शेरा. दुसऱ्यांदा परत आला तर कॉलेज सोडून भुसाराच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी जेवताना सांगून टाकलं होतं.

म्हणून वही घेऊन चाचांच्या मागापाशी गेलो. चाचा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, पायांनी खालच्या पट्ट्या दाबत, आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकत आणि दिवसभर गप्पा मारत. खर्डा गावच्या आपल्या व्याह्यांना नावं ठेवताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. मी म्हटलं, आता काय काय हलतंय ते नीट बघत, मोठ्यानं सांगत विणा. माझी समजूत अशी, की मन हुकूम देतं आणि हात-पाय ऐकतात. मग लक्ष दिल्यावर काम आणखी सुबकच व्हायला हवं.

चाचा भिडस्त. आता उजवा पाय, आता डावा हात, असं सुरू झालं. चौथ्या की पाचव्या फेरीला दोन्ही पाय एकदम खाली गेले, धोटा उडून माझ्या वहीवर आला आणि पाच-सहा उभे धागे तुटले. मी धोटा वहीसकट छातीशी धरून बसलो.

चाचा रागावले नाहीत. तुटलेली टोकं माझ्या हातात दिली आणि गाठी मारता मारता म्हणाले, “पायाला येत हुतं. मी मधी इचारायला गेलो, तिथं घोटाळा झाला.”

“मग मन कुठं असतं, चाचा?”

“मला काय ठावं? तू बस बघत. फक्त बोलू नको, बाबा.”

चार दिवस मी गप्प बसलो. हे आमच्या घरात आजही कुणाला खरं वाटत नाही. शेवटच्या दिवशी व्याह्यांची निंदा ऐन रंगात आली असताना चाचा मध्येच थांबले. एक धागा तुटला होता. त्यांनी तो पाहिला नव्हता. मागाचा आवाज किंचित बदलला होता, एवढंच. म्हणजे मन गप्पांत होतं, तसं कानातही होतं. कुणी न सांगता राखण करत होतं.

तेच लिहिलं, माझ्या घोटाळ्यासकट. सरांनी निबंध ठेवून घेतला आणि एम.ए.ला हाच प्रश्न पुढं न्या, म्हणाले. वडिलांनी दुकानाचा विषय पुन्हा काढला नाही.

आमचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. संध्याकाळी बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे चुकलात म्हणून पास झालात. मग एम.ए.ची काळजी नाही.”