घडीचा कान

तुमच्या पोटावर शेवटची सुरी फिरली, तेव्हा ती वाफवून कुणी दिली होती, विचारलंत कधी? डॉक्टरचं नाव तुम्हाला पाठ असेल, बिलाचा आकडा तर जन्मभर पाठ राहील. सुरी देणारीचं नाव ठाऊक नसेल. मीही सांगणार नाही. हॉस्पिटलात सगळे तिला मावशी म्हणतात, तेवढं पुरे.

मावशी बावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी आहे. तळमजल्यावर, धुलाईच्या पलीकडची बिनखिडकीची खोली. ऑपरेशनची अवजारं धुऊन आली की पुसायची, जाड कापडात गुंडाळायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. गुंडाळण्याची रीत ठरलेली. कापडाचं टोक आत मुडपताना त्याचा छोटासा कान बाहेर काढायचा. ऑपरेशनच्या वेळी सिस्टर तो कान धरून गठ्ठा उघडते, आतल्या कापडाला बोट लागत नाही. ही रीत मावशीच्या हातात इतकी मुरलीय की घरी चादरीला कान, डब्याच्या रुमालालाही कान. जावई म्हणतो, सासूबाईंनी भाजीची यादी दिली तरी ती ऑपरेशनला निघाल्यासारखी दिसते.

गठ्ठ्याच्या पोटात कागदाची एक पट्टी असते. वाफ आतपर्यंत पुरेसा वेळ पोचली तरच ती पूर्ण काळी होते. नाही झाली, तर अख्खा गठ्ठा परत यंत्रात.

गेल्या वर्षी दोनपैकी एक यंत्र बंद पडलं. ऑपरेशनं काही कमी झाली नाहीत. मग विभागाच्या साहेबांनी डोकं चालवलं. यंत्र अर्ध्या वेळात उघडायचं आणि गठ्ठ्यात आधीच काळी झालेली पट्टी घालायची. तसल्या पट्ट्यांची बरणीच भरून टेबलावर आली. मावशीने विचारलं, हे कसं चालेल? साहेब हसले. म्हणाले, "अवजारं धुतलेली आहेत ना? चमचा धुऊन आपण तोंडात घालतोच की."

"तोंड उघडंच असतं साहेब. पोट फाडावं लागतं," मावशी म्हणाली.

तिने गुपचूप नव्या पट्ट्या घालून पाहिल्या. अर्धवट तपकिरी निघाल्या. अशा अकरा पट्ट्या तिने मागे तारीख-वेळ लिहून जपून ठेवल्या आणि माझ्याकडे आणल्या. कामगारांच्या तक्रारी लिहून देणं हा माझा धंदा, फुकटचा. घरी लेकीने हात जोडले होते, आई, रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत, गप्प बस. मावशीने तिला विचारलं, चौदा महिने त्या बरणीकडे बघत काढू?

आरोग्य निरीक्षण कार्यालयाला निनावी तक्रार केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी टाइप केली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पोस्टातून टाकली. मला वाटलं, काही म्हणता काही सुटलं नाही. फक्त कागद पाकिटात घालायला मी मावशीच्या हातात दिला होता.

आता त्या कार्यालयाचा कारभार बघा. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवावी, असा नियम त्यांच्याच भिंतीवर टांगलेला. आणि मूळ पत्रावर शिक्का मारून त्यांनी ते "अभिप्रायासाठी" पाठवलं कुणाकडे? थेट साहेबांकडे. आलं तशाच घडीत.

साहेबांनी ते टेबलावर ठेवलं. घडीला कान होता. टेबलाभोवती पाच बायका, मावशी आणि कंत्राटावरच्या चौघी. साहेबांनी प्रत्येकीला कोरा कागद दिला आणि घडी घालायला लावली. पाच कागद, पाच कान. शेवटच्या पोरीने तर गठ्ठ्यावर टाकायच्या सवयीने वर तारीख टाकून सहीसुद्धा ठोकली.

साहेब चिडले. नाव कळलं नाही तर चौघींना उद्यापासून घरी बसवतो, म्हणाले. मावशी पक्की नोकरीवाली, तिला तसं काढता येत नव्हतं. ती तोंड मिटून राहिली असती तर सुटली असती.

"ही घडी मी शिकवली, आणि पत्रही माझंच," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा. वरच्या ऑफिसला लिहिलेलं पत्र तुमच्या हातात कसं आलं?"

आणि तिने कान धरून कागद उघडला. शिक्का, शेरा, पाठवणाऱ्याची सही, सगळं उघड्यावर. सही ठोकणाऱ्या पोरीने तोवर मोबाईलवर फोटो काढला होता.

दुसऱ्या दिवशी मावशीची बदली धुलाईत झाली. साहेबांना वाटलं, विषय संपला. पण कायदे मीही वाचतो, शाळेने न शिकवलेले. काही देशांत तक्रारदाराला जपणारा कायदा मंजूर होऊन कपाटात पडून आहे. काही देशांत तक्रारीनंतर त्रास झाला, तर तो सूड नव्हता हे मालकाने सिद्ध करायचं असतं. आमच्या कायद्यातही ती ओळ होती. तिच्यावर बोट ठेवणारं माणूस तेवढं नव्हतं. ते बोट मी ठेवलं, आणि अकरा पट्ट्या व तो फोटो जोडून बदलीविरुद्ध अर्ज केला.

सुनावणीत साहेब म्हणाले, बदली वयामुळे केली, हिचे हात थरथरतात. मावशीने अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा रुमाल मागितला, त्यांच्या चष्म्याचा गठ्ठा बांधला आणि कान त्यांच्याकडे करून पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी तो उघडला. चष्मा चढवला आणि साहेबांकडे बघितलं.

चाळिसाव्या दिवशी मावशी आपल्या टेबलापाशी परतली. चौघी कामावर आहेत. यंत्र दुरुस्त झालं, त्या दिवसांतल्या रुग्णांना बोलावून तपासलं, साहेबांची चौकशी सुरू आहे. बरणी मावशीने मागून घेतली. तिच्यात आता पेनं ठेवते.

पत्र पुढे ढकलणाऱ्या त्या कारकुनाला मात्र कुणी काही विचारलं नाही. म्हणून हे त्याच्यासाठी, आणि तुम्हीही अशाच टेबलामागे बसत असाल तर तुमच्यासाठी. असं पत्र आलं की मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या, तेवढाच पुढे पाठवा आणि मूळ पत्र कुलपात ठेवा. त्यावर नाव नसेल, पण हात कुणाचा तरी असतो. तेवढा सांभाळा.