बटण मी बंद केलं नाही

बायको सकाळच्या एसटीने दोंडाईचाहून धुळ्याला नोकरीला जाते आणि मी, जहाजावरचा सेकंड ऑफिसर, घरी तिचा डबा भरतो. ही नोकरी तिने माझ्यामुळे धरली. ती पाठमोरी जाताना दिसली की मला अपराधी वाटतं. तरीही जे केलं ते मी पुन्हा करीन.

प्रत्येक मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं. आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेने, किती वेगाने चाललो आहोत, हे ते रेडिओवरून सतत सांगत राहतं. साऱ्या जहाजांना मिळून चॅनल दोनच. म्हणून एकेका मिनिटाचे बारीक तुकडे पाडलेले असतात. यंत्र आधी ऐकतं, रिकामा तुकडा धरतं, आणि बोलता बोलताच पुढच्या खेपेला कुठला तुकडा घेणार तेही सांगून टाकतं. बाकीची जहाजं तो सोडून देतात. वाटून द्यायला वर कोणी साहेब नाही.

हे शिकताना मला नवल वाटलं नाही. आमची आणि काकांची विहीर सामाईक. मोटर बंद करतानाच पाण्याची पुढची पाळी कधी घेणार ते बांधावरून ओरडून सांगायचं, हा वडिलांचा दंडक. दोन मोटरी एकदम लागल्या तर कोणाचंच वावर भिजत नाही.

गेल्या फेरीत कॅप्टनने ते यंत्र बंद करायला सांगितलं. माल कुठल्या बंदरात भरला ते जहाजाच्या मालकाला जगापासून लपवायचं होतं. बाहेर धुकं, आसपास जहाजं. मी नाही म्हणालो. पुढच्या बंदरात मला उतरवलं.

थोरला भाऊ रोज टोचतो. परवा म्हणाला, "समुद्र काय तुना बापना शे?"

"विहीर तर बापाची आहे ना, भाऊ? काकांनी न सांगता मोटर लावली तर?"

"वायर तोडी टाकसू," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

काल मालकाच्या ऑफिसातून फोन आला. परत घ्यायला तयार होते, फक्त सांगतील ते मुकाट्याने करायचं. मी म्हणालो, "येतो. पण यंत्र चालूच राहील." पलीकडून फोन ठेवला गेला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने चपला काढल्या, रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"मग सकाळी मला स्टँडवर तरी सोडत जा. रिक्षावाला सीट भरेपर्यंत हलत नाही."

आज सोडून आलो. उद्याही सोडीन. बटण बंद करायला मात्र त्यांनी दुसरा माणूस शोधावा.